पपईची वहिवाट

पपईला लाकूड नसतं. बाहेरून झाड, आतून नळी.

*

माझ्या वडिलांचं नाव बिभीषण आणि आईचं लंकाबाई. हे कोणी ठरवून केलेलं नाही, योगायोग आहे. पण आमच्या घरात लंका बिभीषणाच्या ताब्यात कधीच आली नाही.

*

आमच्या जिल्ह्यात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. नुसतं भाऊ म्हणवत नाही आणि नुसतं साहेब म्हणून काम होत नाही, म्हणून दोन्ही.

*

अंघोळीचं पाणी मोरीच्या भोकातून बाहेर पडलं की ते कोणाचं? ज्याने अंघोळ केली त्याचं, की ज्याची मोरी त्याचं?

*

फार वर्षांपूर्वी एका माणसाने दुसऱ्याच्या रानात हरभरा पेरला.

*

एक धडधाकट, वजनदार माणूस आठवड्यातून किती उपास करू शकतो?

*

हे सगळे तुकडे एकाच खोलीतले आहेत. खोली दहा बाय बारा, वर पत्रे, मागे मोरी, मोरीमागे ओटा आणि ओट्यामागे माझ्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची जमीनजुमल्याची भानगड. आता जुळवून दाखवते.

दारं

चौऱ्याण्णव साली मला राहुरीला विद्यापीठात नोकरी लागली. कृषी विद्यापीठात म्हटलं की लोकांना वाटतं ही बाई ज्वारीचे नवे वाण शोधते. मी टंकलेखक होते. मी फार तर नवा कार्बन शोधायचे.

राहायला भिंगारला मावशीकडे होते, रोज एसटीने ये-जा. मग मावशीच्या मुलाचं लग्न ठरलं. मावशी म्हणाली, "माला, तुला जा म्हणत नाही गं मी. पण नवी सून झोपणार कुठं, तूच सांग." ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच गादीवर अंथरलेलं असतं, तो प्रश्न फार वेळ ऐकू नये. मी खोली शोधायला लागले.

दादा, म्हणजे माझे वडील, पाथर्डी डेपोत एसटीचे चालक. त्यांनी एकच अट घातली. "खोली शोध. मिळाली तर राहा. पण एकदाच. तिथनं काढलं तर दुसऱ्यांदा दारोदार फिरायचं नाही, सरळ घरी यायचं. टायपिंग काय, पाथर्डीतही करतात लोक."

दादांनी तरुणपणी बदलीच्या गावांत बरीच दारं वाजवली होती. त्याबद्दल ते बोलत नसत. फक्त कोणाच्या दारात उभं राहायची वेळ आली की चपला न काढता उभे राहत. परत फिरायला सोपं पडतं.

मीही राहुरीत बरीच दारं वाजवली. सगळीकडे संभाषण सारखंच. गाव कोणतं, काम काय, जेवण हाताने करता की डबा, असं छान रंगत जायचं. चहाचं आधण ठेवल्याचा आवाजसुद्धा यायचा. मग आडनाव. माझं आडनाव भिंगारदिवे. नगर जिल्ह्यात या आडनावाला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही.

"अगंबाई! ह्यांनी कालच एकाला शब्द देऊन टाकला की."

आतला स्टो बंद व्हायचा. अशाच एका घराबाहेरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे वर्षभर मी बसच्या खिडकीतून वाचत होते. काल ज्याला शब्द दिला तो माणूस फारच लांबून येत असावा.

(इथे एक परिच्छेद होता. त्यात मी एसटी स्टँडवर बसून रडले होते. परिच्छेद काढून टाकला आहे. कथेला त्याची गरज नाही, आणि समोर बसलेल्या भेळवाल्यालाही नव्हती.)

घराणं

आप्पासाहेबांच्या खोलीची माहिती छगनने दिली. छगनची पिठाची गिरणी गावाबाहेर, कालव्याच्या अलीकडे. पलीकडच्या शेजाऱ्याशी बांधावरून त्याचा दावा बरीच वर्षं चालू होता. त्यामुळे त्याचं शिक्षण सातवीपर्यंत आणि पुढचं कोर्टात झालं होतं. गिरणीला लागून आप्पासाहेबांचं घर, आणि घरामागे ही सुटी खोली. खोली सिमेंटची होती, पण ती जिथे उभी होती ती जागा कागदावर अजून शेतच होती. हे नीट लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

मी गेले तेव्हा आप्पासाहेब मागच्या ओट्यावर बसले होते. तोंडातला घास गिळून त्यांनी धोतराला हात पुसले. त्यांच्या बायकोने, गोजरबाईंनी, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी चपला काढल्या नव्हत्या.

"आडनाव?"

"भिंगारदिवे."

"बरं. शेती किती?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कोणाची?"

"तुमच्या वडलांची."

"नाही."

"न्हाई म्हंजी? कोरडवाहू तरी?"

"नाही."

"चुलत्याची? मामाची? वतनातला एखादा तुकडा ऱ्हायलेला?"

"काहीच नाही."

"कुंडीत मेथी, दारात भेंडी, असला कसला नाद?"

"नाही हो. मी टायपिंग करते."

आप्पासाहेबांनी गोजरबाईंकडे समाधानाने पाहिलं. "लई चांगलं घराणं हाय," ते म्हणाले.

आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भूमिहीनतेला पहिल्यांदाच कोणी घराणं म्हटलं होतं. दादांना सांगायला हवं होतं, पण हे पोस्टकार्डावर कसं लिहायचं ते मला सुचलं नाही.

हरभरा

कारण असं होतं. आप्पासाहेबांच्या वडिलांनी कधीकाळी ओढ्याकाठचं रान एका माणसाला एका हंगामापुरतं कसायला दिलं. माणूस भला होता, बायको आजारी होती, म्हणून दिलं. त्याने हरभरा पेरला. तेवढ्यात कूळकायदा आला. माणूस कूळ झाला आणि कूळ मालक झालं. आप्पासाहेब तेव्हा लहान होते आणि तो हरभरा त्यांनी स्वतः सोलून खाल्ला होता. तेव्हापासून त्यांनी हरभऱ्याला तोंड लावलं नाही. पुरणपोळीसुद्धा गोजरबाई तुरीच्या डाळीची करत.

म्हणून नियम. खोली अकरा महिन्यांसाठी. बाराव्याला मालक ठरवील. आणि मुख्य नियम, "खोलीत काय बी करा मॅडम. नाचा. पर मातीत काय लावायचं न्हाई. तुळसबी न्हाई."

"आमच्याकडे तुळस नसते."

"झ्याक."

"डालड्याच्या डब्यात कोथिंबीर चालेल?"

त्यांनी विचार केला. "डबा कशावर ठिवनार?"

"मातीवर."

"मंग न्हाई."

होळी झाल्यावर मी राहायला गेले. एक गादी, एक स्टो, दोन ताटल्या आणि दादांनी डेपोतून आणलेली लोखंडी पेटी. पहिल्या दिवशी मी चहा केला आणि आप्पासाहेबांना बोलावलं.

"आज उपास हाय मॅडम. सोमवार."

मंगळवारी गणपतीचा निघाला. बुधवारी कसला ते त्यांना आठवेना, पण होता. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार गोजरबाईंचा, पण नवरा म्हणून तेही पाळत. शनिवार मारुतीचा. रविवारी मी चहा केलाच नाही, तरी ते दारावरून जाता जाता म्हणाले, "आज खंडोबाचा."

इतके उपास करून त्या माणसाचं पोट कमरेच्या करगोट्यावर ओघळत होतं. भक्तीत केवढी ताकद असते ते मी तिथे पाहिलं. खोली होती, कडी आतून लागत होती, आणि रात्री पत्र्यावर चिंचेची पानं पडल्याचा आवाज माझा एकटीचा होता. एवढ्यासाठी जगातले सगळे उपास मी चालवून घेतले असते.

झाड

पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस ओट्यामागून आरोळी आली.

"मॅडम! हे काय हाय?"

मोरीचं पाणी जिथे भिंतीतून बाहेर पडत होतं तिथे माझ्या गुडघ्याएवढं काहीतरी उभं होतं. पानं हाताच्या पंजासारखी.

"झाड," मी म्हटलं.

"ते मलाबी दिसतंय. कुनाचं?"

"पपईचं असावं."

"कुनाचं इचारलं म्या. कशाचं न्हाई!"

"मी नाही लावलं. आपोआप आलं."

"आपोआप!" आप्पासाहेबांचा आवाज फाटला. "हरभराबी आपोआपच आल्ता म्हनायचा त्यो!"

मी म्हटलं, त्यात काय, उपटून टाकते. खाली वाकले. तेवढ्यात गिरणीच्या भिंतीवरून पिठाने पांढरं झालेलं डोकं वर आलं. छगन.

"थांबा! हात लावू नका ताई!"

"का?"

"उपटलं की काढणी झाली. पेरणी केलीच न्हाई तर काढणी कशी केली म्हनून इचारत्याल ना कोर्टात."

"मग आप्पासाहेब उपटतील."

"मालकानं कुळाचं उभं पीक नासवलं! हे तर लई वंगाळ."

मी या युक्तिवादात खोट शोधत होते. आप्पासाहेबही शोधत होते. दोघांनाही सापडली नाही. छगनचा दावा इतकी वर्षं का चालू होता ते मात्र कळलं.

गोजरबाईंनी शेवटचा निकाल दिला. "फळाचं झाड हाय. त्याला जो हात लावील त्याचा वंश बुडतो." आप्पासाहेबांना तीन मुलगे होते, तिघेही पुण्याला. त्यांनी हात मागे घेतला.

मग मधला मार्ग निघाला, तोही छगनकडूनच. पपईत नर असतो आणि मादी असते. नर निघाला तर फळ नाही, फळ नाही तर पीक नाही, पीक नाही तर कूळ नाही. फुलोरा येईपर्यंत थांबायचं.

"मॅडम, तुमी इद्यापीठातल्या," आप्पासाहेब म्हणाले. "बघून सांगा की."

मी झाडाकडे बघितलं. विद्यापीठाची अब्रू माझ्या हातात होती. खरं तर पपईच्या लागवडीवरची एक पुस्तिका मी स्वतः टाइप केली होती, पण न वाचता टाइप करणं हीच आमची कला. "अजून निरीक्षण चालू आहे," मी म्हटलं. सगळ्या साहेब लोकांची टिपणं मी अशीच संपवायचे.

पुढचे काही महिने ओट्यामागे जत्रा होती. दळण घेऊन आलेल्या बायका गिरणीत डबा ठेवून झाड बघायला यायच्या. एक म्हणाली, बुंध्यात खिळा ठोका, नर असला तरी मादी होते. आप्पासाहेबांनी घरातले सगळे खिळे कुलपात ठेवले. दुसरी मला म्हणाली, "तुमचं लगीन झालं की धरंल बघा फळ." झाडाचा आणि माझ्या लग्नाचा काय संबंध, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर चार जणींनी मान डोलावली होती. बहुमत झालं होतं.

भाद्रपदात फुलं आली. गोजरबाई एकदाच वाकल्या, एकदाच बघितलं. "बाई हाय," त्या म्हणाल्या.

आप्पासाहेब मटकन ओट्यावर बसले.

पाणी

दिवाळीत फळं धरली. लिंबाएवढी, मग मुठीएवढी. आप्पासाहेबांची झोप उडाली. छगनने भिंतीवरून नवा सल्ला दिला. "पानी कोन घालतं, त्याची वहिवाट. तुमी घाला. लोकांना दिसंल असं घाला."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी झुंजुमुंजू झालं की बादलीची कडी वाजायची आणि आरोळी उठायची, "आप्पासाहेब पानी घालतोय होऽऽ! सवताच्या झाडाला!" पहिल्या दिवशी मी घाबरून उठले. नंतर घड्याळाची चावी देणं बंद केलं.

पण छगनच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. माझी मोरी.

आप्पासाहेब आले. लाजत होते. जमिनीकडे बघून म्हणाले, "मॅडम, जरा नाजूक इषय हाय. तुमी अंघोळ करता."

"करते."

"रोज?"

"रोज."

"ते पानी झाडाला जातंय. म्हंजी कायद्यानं तुमी रोज पानी भरताय."

"मग काय करू?"

"तसं न्हाई. थोडी कमी केली तर?"

नोकरदार स्त्रीचा स्वाभिमान म्हणून एक गोष्ट असते. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले की भाड्यात अंघोळ धरलेली आहे. आप्पासाहेबांना ते पटलं. ते अन्यायी नव्हते, फक्त घाबरलेले होते. त्यांनी कुदळ घेतली आणि मोरीच्या पाण्याला चारी काढून ते झाडापासून दूर, खाली उताराला लावून दिलं.

उताराला छगनची गिरणी होती.

पहिल्याच सकाळी माझं साबणाचं पाणी गिरणीच्या दारात पसरलं आणि दळलेल्या बाजरीचा डबा डोक्यावर घेतलेली एक बाई त्यात सरकन घसरली. बाईला काही झालं नाही. बाजरीचं मात्र जागच्या जागी पीठ मळलं गेलं. छगन भिंतीवर चढला. आजवर तो सल्ला द्यायला चढत असे, आज शिव्या द्यायला.

"आप्पासाहेब! माझ्या हद्दीत सांडपानी सोडता? आता बघाच. भाऊसाहेबालाच आनतो! करू द्या पीकपाहनी! लावतोच कूळ!"

चारी घाबरून बुजवण्यात आली. माझं पाणी पुन्हा झाडाला जायला लागलं. मग आप्पासाहेबांनी शेवटचा उपाय केला. माझ्या एका अंघोळीला त्यांच्या दोन बादल्या. मी डोक्यावरून न्हायले तर चार. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, आणि पपई चिखलात घोट्यापर्यंत उभी.

त्याच आठवड्यात ते दारात आले, उंबऱ्याबाहेर. "मॅडम, अकरा म्हैने भरत आले. खोली मोकळी करा. तुमच्यावर राग न्हाई माझा."

"मग कोणावर आहे?"

"पपईवर."

(इथेही एक परिच्छेद होता. भेळवाल्याच्या जागी पपई.)

दुसऱ्या दिवशी स्टँडवर नगरच्या गाडीचा चालक खिडकीतून ओरडला, "ओ भिंगारदिवेची पोरगी! दादा येतायत खोली बघायला! संक्रांत झाली की! आईबी हाय!" एसटीच्या चालकांची पोरं पत्रांची वाट बघत नाहीत. अख्ख्या स्टँडला माझ्या घरचा निरोप कळला. आणि अट मला पाठ होती. तिथनं काढलं तर दुसऱ्यांदा फिरायचं नाही.

पाहणी

दादा-आई आले तेव्हा ओट्यामागे आधीच बैठक भरली होती. छगन खरोखरच भाऊसाहेबांना घेऊन आला होता. भाऊसाहेब म्हणजे माझ्याच वयाचा दमलेला मुलगा, काखेत दप्तर, नाकात सर्दी.

दादा माझ्या दारात थांबले. चपला पायात. "काय चाललंय?"

मी पटापट सांगितलं. झाड, हरभरा, पाणी, खोली सोडायची. आई ऐकता ऐकता पदराला गाठ मारत होती. तिला काही पटलं नाही की ती गाठ मारते.

"म्हंजे माले," ती म्हणाली, "तू जमीनदार होनार म्हनून तुला हाकलतायत?"

"हो."

"किती जमीन?"

"झाडापुरती."

आई दादांकडे वळली. "बघा. तुमाला उभ्या जल्मात जमली न्हाई एवढी पोरीनं अंघोळ करून मिळवली."

दादा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीला काहीतरी झालं.

तिकडे भाऊसाहेबांनी नाक पुसलं. "कुठंय पीक?"

"हे काय," छगन म्हणाला.

"हे? एक झाड?"

"मादी हाय," आप्पासाहेब कापऱ्या आवाजात म्हणाले.

"आजोबा, एका पपईच्या झाडानं कुणी कूळ होत नाही. तुम्ही निवांत झोपा."

"त्या टायमाचा भाऊसाहेबबी वडलांना हेच म्हनला हुता," आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पहिल्यांदाच मला तो म्हातारा न दिसता हरभरा सोलणारा मुलगा दिसला. माझा राग कुठे ठेवू, मला कळेना.

भाऊसाहेबांना शिंक आली. शिंक आवरायला त्यांनी एक हात नाकाला लावला आणि दुसरा आधाराला झाडाला.

झाड आडवं झालं. आधी हळू, मग एकदम. पच्च असा आवाज आला. दोन घरांचं पाणी पिऊन बुंधा मुळापाशी कुजून गेला होता. पपई छगनच्या भिंतीवर डोकं टेकून निजली आणि फळं आमच्या पायांशी गडगडत आली.

भाऊसाहेब हाताकडे बघत होते. "मी... मी नुसता हात लावला."

"तुमचा वंश बुडला," गोजरबाई म्हणाल्या, आणि वाकून फळं पदरात गोळा करू लागल्या. "जाऊ द्या. हिरवी हायेत, भाजी चांगली व्हईल. अर्धी आमाला, अर्धी पोरीला."

"अर्धी न्हाई!" आप्पासाहेब किंचाळले. "अर्धी म्हंजी वाटा! वाटा दिला की ती वाटेकरीण झाली!"

"मग सगळी तुमी घ्या," दादा म्हणाले. त्यांनी मागे वळायला सुरुवात केली होती.

"सगळी नेली तर कुळाचं पीक लुटलं म्हनत्याल," छगन म्हणाला. त्याला राहवलं नाही.

"मग सगळी हिलाच राहू द्या," भाऊसाहेब म्हणाले.

"सगळी तिला? मंग मी मालक कशाचा?"

मग आईने पदराची गाठ सोडली, गोजरबाईंच्या ओटीतली फळं घेतली आणि माझ्या खोलीत जाऊन स्टोला पंप मारला. "वाटायची न्हाई ना? मंग इथंच शिजवते. समदे बसून खाऊ. काय वाटा न् काय नाय."

स्टोचा आवाज भरून आला. आप्पासाहेबांनी उंबऱ्याकडे पाहिलं. त्यांचा ओठ हलला. "आज गुरवार. माझा..."

"कसला गुरवार?" गोजरबाई म्हणाल्या. "सकाळी बोंबील हानला की दोन भाकरीसंगं."

एवढं बोलून त्या बाई, ज्या अकरा महिन्यांत माझ्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या, चपला काढून आत शिरल्या आणि आईच्या शेजारी मिरच्या निवडायला बसल्या. छगन गिरणीतून ताजं बाजरीचं पीठ घेऊन आला, ते मात्र त्याने भिंतीवरून न देता दारातून आणलं.

भाजी झाली. आईने शेंगदाण्याचं कूट टाकलं. माझ्याकडे ताटल्या दोनच. ती वाढायला लागली तर आप्पासाहेबांनी हात आडवा केला.

"वाढू नका, वैनी. वाढलं म्हंजी वाटून दिलं."

"मग खानार कसं?"

"परात हाय का?"

परात होती. सगळी भाजी परातीत ओतली, भाकरी कडेला लावल्या, आणि दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही गोल बसलो. आई, गोजरबाई, छगन, भाऊसाहेब, मी. आप्पासाहेब शेवटी बसले. त्यांनी परातीकडे बघितलं, आईकडे बघितलं, डोळे मिटले आणि पहिला घास घेतला. हरभऱ्यानंतर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या पिकाला तोंड लावत असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मग दुसरा घास. मग तिसरा, जरा घाईने, कारण भाऊसाहेब सर्दी असूनही फार वेगाने जेवत होते.

"तिखट हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"पाथर्डीचं हाय," आई म्हणाली.

"मॅडम, आता झाड न्हाई. म्हंजी कूळ न्हाई. म्हंजी..." त्यांनी भाकरीचा तुकडा परातीच्या कडेने फिरवला. "म्हंजी ऱ्हा तुमी. पर परत काय उगावलं तर?"

"तर परत परात काढायची," गोजरबाई म्हणाल्या.

दारात दादा अजून उभे होते. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "ओ डायवर. गाडी सुटंल."

दादा आत आले आणि छगनला सरकवून परातीशी बसले.

संध्याकाळी निघताना त्यांना चपला सापडेनात. गोजरबाईंच्या, छगनच्या, भाऊसाहेबांच्या आणि आप्पासाहेबांच्या जड कोल्हापुरी वहाणांमध्ये त्या कुठेतरी मिसळून गेल्या होत्या. दादा शोधत राहिले. त्यांना घाई दिसली नाही.

मी खोली बघायला पहिल्यांदा गेले त्या दिवशी आप्पासाहेब मागच्या ओट्यावर बसून, बिया मागे टाकत, पपई खात होते.